खिडकीखालचा पलंग

आमच्या रूमच्या खिडकीची जाळी काढायला मिस्त्री आला तेव्हा माझी पोरगी नुकतीच धरून धरून उभी राहायला लागली होती. चौथा माळा, आन खाली सिमेंटची फरशी, तिथे लोकं गाड्या लावतात. मी मिस्त्रीला म्हणलं थांबा जरा, विचारून येते, आन पोरगी काखेत घेऊन किचनमधी सासूबाईंकडे पळाले. परत येते तोवर त्याने वरचे दोन स्क्रू काढून बी टाकले होते. लोखंडाची जाळी एका अंगाने लोंबत होती. तो म्हणे, "देखो बेन, कितना खुल्ला लगता है."

खुल्लं तर लागतच होतं. मी पोरगी दुसऱ्या काखेत घेतली, खिडकीपासून लांबच्या.

सासूबाई मागून आल्या, पदराला हात पुसत. आम्ही घरात जास्त अहिराणीच बोलतो. त्या म्हणे, "कसाले वरडी राहिनी वं? जेलना मायक दिखे ती जाळी. लगीन होवू दे, मंग लावसूत परत."

लगीन म्हणजे माझ्या दीराचं. त्याला स्थळ आलं होतं बमरोलीचं, नवरीच्या बापाचे स्वतःचे संचे आहेत, संचे म्हणजे कापड विणायचे माग. आमच्या घरात सगळ्यांनी दुसऱ्याच्या संच्यावरच काम केलं, सासऱ्यांनी केलं, माझ्या पोरीचे पप्पा अजून करतात, त्याच्यामुळे ते स्थळ म्हणजे लय मोठं वाटलं सगळ्यांना. आन आमच्यात पोरीकडचे आधी घर पाहायला येतात. खोल्या किती, मोरी कुठे, पाणी किती वेळ येतं, कोण कुठे झोपतं. बायका तर दारामागे बी डोकावून घेतात. माझ्या वेळी माझा बाप आला होता गावाहून, त्याने नळ उघडून पाह्यला, पाणी आलं, तो तिथेच खूश झाला. त्याला अजून काय विचारायचं ते माहीतच नव्हतं, मला बी नव्हतं, मी आठवीतून उठलेली.

कोसाडचं आमचं घर म्हणजे एक हॉल, एक रूम, किचन, आन हॉलला लागून गॅलरी. रूम आमची होती, मी, पोरीचे पप्पा आन पोरगी. सासू, सासरे, दीर हॉलमधी. आता रूम दाखवायची होती नव्या नवरीची म्हणून. आम्ही कुठे जाणार ते कोणी बोललं नाही, मी बी विचारलं नाही, विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, त्याचीच भीती.

त्या रूमचं माझ्यासंगे काय काय झालं ते आता मला दिसतं. मी नवीन आले तेव्हा भिंतीला फुलपाखरं चिकटवली होती, बाजारात पाकिटात मिळतात ती, आन दाराला मण्यांचा पडदा लावला होता, कोणी आत आलं की तो वाजायचा. एवढंच माझं होतं त्या घरात, तो आवाज. तेव्हा ती जाळी मलाच नको वाटायची. सासूबाई तिला कांदे टांगायच्या, फडकी वाळत घालायच्या, मला खाली रस्ता पाहायचा असायचा आन नाकात कांद्याचा वास. मंग दिवस गेले, तर सासूबाईंनी पलंगासमोर एका गोऱ्या गोबऱ्या पोराचा फोटो लावला, उठल्या उठल्या त्यालाच पाहायचं म्हणे. मी पाहायची. डोळे झाकले तरी तोच हसत बसलेला दिसायचा. पोरगी झाली, दवाखान्यातून घरी आले, तर भिंतीवर नुसता खिळा होता. कोणी मला काही टोचून बोललं नाही. खिळा पाहून समजायचं ते समजले.

पोरगी रांगायला लागली तसं सगळं वर वर जायला लागलं. फिनेल वर, इस्त्री वर, मी घरी साड्यांना टिकल्या चिकटवते तो गोंदाचा डबा वर, चार्जरची वायर वर. फुलपाखरं तिने हाताला आली तेवढी उपटून खाल्ली, वरची राहिली. घर कमरेच्या वरच राहायला लागलं, खाली नुसती लादी आन ती. माझं बी तेच झालं. मी कोणाकडे गेले तर ते म्हणायचे बस, पाणी पी, आन मी पाहायची चाकू कुठे ठेवलाय, पाण्याची बादली उघडी आहे का, गॅसची नळी खाली आहे का. लोकं म्हणायचे हिचं लक्षच नसतं. माझं लक्ष तर एवढं होतं की छाती दुखायची.

सासूबाईंचं दुसरंच. त्यांना सगळं झाकायचं असतं. टीव्हीला कव्हर, फ्रिजला कव्हर, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, सोफ्यावर चादर आन चादरीवर अजून एक चादर. शोकेसमधी काचेचे कप आहेत, त्यातून कोणी चहा प्यायलेला मी नाही पाह्यला. मला आधी हसू यायचं. मंग एकदा त्या सांगत होत्या, त्या नवीन आल्या तेव्हा खात्याच्या, म्हणजे मागांच्या कारखान्याच्या, मागेच खोली होती, दिवसभर संच्यांमधून रुंवाटा, सुताचा बारीक भुसा, उडायचा, कणकेत पडायचा, पाण्यात पडायचा, झोपलेल्या लेकराच्या नाकात जायचा, त्या उठून उठून पोरांच्या तोंडावरून फडकं फिरवायच्या. तेव्हापासून हसू येत नाही. पण राग येतो. ज्या बाईने पोरांची नाकं पुसत रात्री काढल्या तिला माझी खिडकी कशी दिसत नाही?

आन मामा, म्हणजे माझे सासरे, त्यांना सगळं उघडं पाहिजे. तोच रुंवाटा त्यांच्या छातीत बसलाय. दार लोटलं की ते घाबरे होतात, म्हणे हवा संपली. त्यांची खाट गॅलरीच्या दारात. एकाला झाकायचं, एकाला उघडायचं, मला सगळं उंच ठेवायचं, आन दीराला फक्त दिसायचं. तो मोबाईलवर फोटो दाखवायचा, कोणाकोणाच्या फ्लॅटचे, छताला निळी लाईट, भिंतीला दगडाचा कागद. मी म्हणलं, भाऊ, जाळी तेवढी राहू द्या. तो मोबाईलमधूनच म्हणे, "भाभी, ए तो जूनुं लागे." जुनाट दिसतं म्हणे. पोरीचे पप्पा शेजारीच बसलेले. ते माझ्याकडे पाहत होते आन मंग छताकडे पाहायला लागले, जसं काही ती निळी लाईट तिथे आताच लागली.

मंग रूममधी पेटीपलंग आला, त्याला खाली पाय नसतात, सगळी पेटीच असते, उंच. कपाट आलं, त्याला सोनेरी रंगाच्या मुठी. खिडकीला सरकायची काच आली, एका बोटाने सरकते. आन पलंग ठेवला बरोबर खिडकीखाली. खिडकीची चौकट आन गादी जवळजवळ एका लाईनीत.

मी सासूबाईंना म्हणलं, "आत्या, पलंग त्या भिंतीला लावू ना. इथून पोरगी सरळ खिडकीत जाईल."

"डोकं दक्षिणेले पाहिजे. दुसरीकडे कसं व्हई?"

"मंग उलटे झोपतील ना ते, पाय इकडे..."

"तू शिकाडशी माले आते? झोपनार कोन, तू का ती?"

दीर हसला. म्हणे, "भाभी, पोरीवर लक्ष ठेवलं तर पलंग कुठे बी असू दे."

हे वाक्य मला त्या दिवसांत सगळ्यांनी ऐकवलं. लक्ष ठेव. जसं काही लक्ष म्हणजे घागर, उचलली आन डोक्यावर ठेवली. भाकरी कोण टाकणार, पाणी आलं की कोण भरणार, मामांचं गरम पाणी कोण देणार, टिकल्यांच्या साड्या संध्याकाळी न्यायला माणूस येतो त्याला काय सांगायचं. मी पोरगी काखेत घेऊन भाकरी टाकायची, तर सासूबाई म्हणायच्या लेकराला वाफ लागेल.

पोरगी चढायला शिकली होती, तेव्हा एकदा सकाळी कुकर लावला होता. पोरगी हॉलमधी मामांच्या खाटेजवळ होती, मामा तिला पत्र्याचा डबा वाजवून दाखवत होते, मी पाह्यलं आन शिट्टी काढायला वळले. डबा वाजायचा थांबला. मला तेवढंच ऐकू आलं, थांबलेलं. मामांना खोकल्याची उबळ आली होती आन ती तिथे नव्हती. मी रूममधी गेले तर ती पलंगावर उभी, दोन्ही हात काचेवर, आन काच सरकून राहिली होती, हळू, तिच्याच अंगाच्या भाराने. तिला मज्जा वाटत होती. मी ओरडले नाही, ओरडले असते तर ती दचकली असती. मी पलंगावर कशी चढले मला माहीत नाही, तिचा फ्रॉक हातात आला, फ्रॉकच्या आत ती होती, आम्ही दोघी गादीवर पडलो, आन ती हसत होती आन मला श्वासच येईना, तोंड उघडं आन आत काही जाईना. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काय व्हयनं?"

मी खिडकीकडे हात केला. त्यांनी जाऊन काच लावली, कडी घातली, आन नवीन चादरीवर माझे पाय पडले होते ती झटकली.

त्या दिवसापासून मी तिला बांधायला लागले. ओढणी तिच्या कमरेला, गाठ मागून, तिला सुटणार नाही अशी. बिल्डिंगच्या कामावर मजूर बायका लेकरू बांधतात ते मी पाह्यलं होतं, तेव्हा मला वाटायचं काय बाया आहेत. पण पेटीपलंगाला पायच नाही, बांधायचं कशाला? हॉलमधी बांधलं तर सासूबाईंना दिसलं असतं, म्हणून मी तिला रूममधी कपाटाच्या सोनेरी मुठीला बांधायची, तिथून ती पलंगापर्यंत पोचत नव्हती. दोन खेळणी पुढे टाकायची आन धावत जाऊन काम करायची. ती आधी रडायची. मंग रडायची बी नाही, बसून राहायची, त्याचंच मला जास्त वाटायचं.

पाहुणे आले त्या दिवशी घर ओळखू येत नव्हतं. कव्हरं सगळी काढली होती. फ्रिज उघडा, टीव्ही उघडा, काचेचे कप पहिल्यांदा बाहेर. मामांना नवीन सदरा घालून खुर्चीवर बसवलं आन त्यांची खाट शेजारणीकडे नेऊन ठेवली. बाकी जे जे दिसायला नको होतं ते, गोधड्या, पोरीची फडकी, मामांचं थुंकायचं भांडं, जुनी चटई, माझ्या गोंदाचे डबे, माझा मण्यांचा पडदा, सगळं त्या नवीन कपाटात कोंबलं होतं. कपाट लागत नव्हतं तर दीराने गुडघ्याने दाबून लावलं.

सासूबाईंनी मला सांगितलं, पोरीला रूममधी ठेव, दार लोटून घे, आन तू चहा पोहे पाहा. दोन ठिकाणी मी कशी असणार ते त्यांनी सांगितलं नाही. मी तिला मुठीला बांधलं, हातात बिस्कीट दिलं, काचेची कडी दोनदा ओढून पाह्यली आन दार लोटलं.

नवरीचे आईबाप, तिचा एक मामा आन एक मावशी आले होते. नवरीचा बाप पाण्याचं विचारत होता, दीर गुजरातीत भराभर सांगत होता. मावशी मोठी हुशार बाई, सोफ्यावर बसताना हाताने दाबून पाह्यला, नवीन आहे का. मंग म्हणे, "रूम दाखाडा ना."

सासूबाई म्हणाल्या, आधी चहा घ्या. मावशी उठलीच होती. तेवढ्यात आतून धडधड असा आवाज आला. माझ्या हातातला ट्रे तसाच. मी धावले पण मावशी दाराजवळ होती, तिने दार ढकललं.

कपाटाचं दार उघडलं होतं. पोरीने ओढणी ओढली असणार, आन आतून सगळं खाली आलं होतं, गोधड्या, फडकी, डबे, मण्यांचा पडदा, सगळं घर त्या लादीवर. मधी माझी पोरगी बसलेली, कमरेला ओढणी, आन मांडीत मामांचं थुंकायचं भांडं.

मावशी म्हणाली, "हाई काय? पोरले बांधेल शे?"

सगळे दारात गोळा झाले. सासूबाई हसल्या, म्हणाल्या, "खेळी राहिनी, बाकी काय. तिले तशीच सवय शे."

"खेळते का अशी?" नवरीची आई पुढे आली. ती माझ्याकडे पाहत होती. "का वं माय, कसाले बांधं?"

मी सासूबाईंकडे पाह्यलं, पोरीच्या पप्पांकडे पाह्यलं. ते लादीवरचं सामान गोळा करायला खाली वाकले होते. मंग माझ्याच तोंडातून निघालं, "खिडकीले जाळी नही शे. पोर पडी जाई."

नवरीची आई पलंगाला गुडघा टेकवून वाकली, काच सरकवली, खाली पाह्यलं. बराच वेळ पाह्यलं. मला वाटलं, देवा, ह्या बाईला समजलं. ती आत वळली आन माझ्याशी नाही, सासूबाईंशी बोलली.

"पहिले जाळी बसाडा. उद्या आमनी पोरनं लेकरू बी आठेच खेळी."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "मी तर कवयनी सांगी राहिनू ह्या पोरास्ले. आयकतस का?"

दोन दिवसात जाळी आली. जुनी नाही, नवीन, पांढऱ्या रंगाची, तिच्यात फुलाची नक्षी. तोच मिस्त्री आला. दीर स्वतः उभा राहून म्हणे घट्ट बसव, घट्ट. मी किती महिने जे मागत होते ते एका चहात झालं, आन माझ्या पोरीसाठी नाही झालं, जे लेकरू अजून कुठेच नाही त्याच्यासाठी झालं. मी खूश व्हायला पाहिजे होतं. मी किचनमधी पोहे खरडत होते, पातेल्याला लागलेले, आन हात थांबत नव्हता.

लग्न झालं. रूम त्यांची झाली. आम्ही हॉलमधी आलो. दिवसा गाद्या गुंडाळून सोफ्यामागे, रात्री पसरायच्या. आन मामांची खाट परत गॅलरीच्या दारात. गॅलरीला नुसता कठडा आहे, पोरगी आता खुर्ची ओढत नेते आन चढते, कठडा तिच्या पोटाला लागतो. दार लावलं की मामा घाबरे होतात. मी एकदा लावलं होतं. ते खाटेवर बसून तोंड उघडून श्वास घेत होते, दाराकडे पाहत, आन मी तो श्वास ओळखला, माझा बी तसाच झाला होता त्या सकाळी पलंगावर. मी उठून दार उघडलं. आन परत पोरीच्या मागे.

गॅलरीला जाळी लावा म्हणलं तर सासूबाई म्हणाल्या, आताच तर खर्च झाला.

माझी जाऊ वाईट नाही. वय कमी, सारखी हसते. मी दुपारी पोरीला तिच्या रूममधी खेळायला सोडते, तिथे तरी काही भीती नाही. पण तिचा बी जीव असतो, तिला झोपायचं असतं, फोनवर बोलायचं असतं. एकदा ती खिडकीत उभी होती, कपाळ त्या पांढऱ्या फुलांना टेकवून. म्हणे, "ताई, कोंडल्यासारखं होतं हो इथे. मी ह्यांना सांगितलं, काढून टाका."

मी म्हणलं, "तुझ्याच आईने लावायला सांगितली."

"आईला काय, तिला इथे राहायचंय का?"

मी पोरीला उचललं आन बाहेर आले. तिच्याशी भांडायला माझ्याकडे काही नव्हतं. तिच्या वयाला मला बी रस्ताच पाहायचा होता.

त्या संध्याकाळी पोरीचे पप्पा कामावरून आले, चप्पल काढायच्या आधी मी त्यांना म्हणलं, खालची खोली पाहा, कुठे बी, लांब सचिन गावात पाहा, पण जमिनीवरची. ते म्हणे लोकं काय म्हणतील, धाकट्याचं लग्न झालं आन मोठी सून बाहेर निघाली. मी म्हणलं, म्हणू द्या. ते म्हणे आईला काय सांगू. मी म्हणलं, सांगा, बायकोलाच बाहेर निघायचं होतं, ती तशीच आहे. त्यांना ते सोपं पडलं. तसंच सांगितलं त्यांनी.

सासूबाई म्हणाल्या, "नवी आली तर हिचं पोट दुखायला लागलं." बिल्डिंगमधी बी तेच झालं, जावेजावेचं पटलं नाही म्हणे. जाऊ रडली, तिला वाटलं तिच्या बोलण्याने झालं. मी तिला म्हणलं तसं नाही, पण तिला बी तेच खरं वाटतं, सगळ्यांना तेच खरं वाटतं. खिडकीचं कोणाला आठवत पण नाही.

सचिन गावातली खोली पाहायला आम्ही गेलो तेव्हा घरमालकीण दारातच सांगायला लागली, बेन, अंधार आहे, खिडकी नाही, भिंतीला ओल येते, पत्रा तापतो, आधीच सांगते, मागून बोलू नका. पोरीचे पप्पा माझ्याकडे पाहायला लागले, ही आता नाही म्हणेल म्हणून. मी आत गेले. चारी भिंती हाताने चाचपल्या. लादी नाही, कोबा आहे, थंड. मी पोरीला खाली ठेवलं आन ती भिंतीपर्यंत पळत गेली, भिंतीला धडकली, वळली, दुसऱ्या भिंतीपर्यंत पळाली.

मी घरमालकिणीला म्हणलं, "कधी यायचं राहायला?"